खालचा दोरा

माझं नावच पद्मश्री,
त्यामुळे पुरस्कार बारशातच मिळाला.
पद्मश्री मगदूम, फॉल-पिको, खणभाग, सांगली.
भाच्यानं, सन्मतीनं, त्याच नावाचं चॅनल काढून दिलं
रविवारी दुपारी, दोन कप चहाच्या बदल्यात.

म्हणाला, मावशी, पहिल्या तीन सेकंदांत पकडायचं.
कुणाला?
अंगठ्याला. लोकांचा अंगठा वर सरकत असतो.
मी म्हटलं, तीन सेकंदांत तर माझा दोरासुद्धा
सुईत जात नाही, चष्मा लावून.

फोन उभा केला बॉबिनच्या डब्याला टेकवून,
घसरू नये म्हणून पुढं खडूचा तुकडा.
"नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण बघणार आहोत…"
सतरा वेळा म्हटलं.
नवव्या वेळी "आहोत"च्या जागी "हाय" आलं,
अकराव्या वेळी कुकरची शिट्टी,
तेराव्या वेळी भंगारवाला,
बाकीच्या वेळी मीच मध्ये आले.

उजेड चांगला असतो साडेपाच ते सहा.
आणि आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची.
सासूबाई दारात:
उन्हाचं सोनं पडलंय म्हणतीस,
भाकरी कधी पडायची तव्यावर?
एका व्हिडिओत त्याही आहेत. नुसता आवाज.

आणि भिंतीवर ती रेघ.
मी बसले की डोक्याच्या वर चार बोटं.
त्या ऑगस्टात कृष्णा इथवर येऊन थांबली होती
आणि मशीन तिच्या पोटात.
दोनदा रंग दिला.
दोन महिने रेघ गप्प बसते, मग हळूच फुगते,
पापडासारखी.

सन्मती म्हणाला, मागचं बरं दिसत नाही, काहीतरी लाव.
लावली.
आवटीबाईंची हिरवी इरकल, टोपपदराची,
फॉल लावून तयार होती, घडी मोडून टांगली.
दुसऱ्या दिवशीपर्यंत अकरा जणांनी बघितलं
आणि त्यातल्या एक आवटीबाई निघाल्या.
पायरीवरूनच सुरू:
मी नेसायच्या आधी तुझी भिंत नेसली होय गं?
शिलाईचे शंभर रुपये दिले नाहीत.
मी हिशेब केला, बघणाऱ्या माणशी नऊ रुपये पडले.

मग भिंत उघडीच ठेवली.
चौथ्या व्हिडिओखाली कुणीतरी विचारलं,
ताई, मागं ती रेघ कसली?
मी लिहिलं, पाण्याची.
पुसलं. लिहिलं, कृष्णेची.
त्याच्याखाली चिपळूणची कुणी बाई:
आमची पंख्याच्या वर आहे.
मग आम्ही दोघी रात्री बारापर्यंत बोलत बसलो,
गहू कसे वाळवले, गादी कशी टाकली,
कपाटातल्या लग्नाच्या अल्बमात
कुणाचं कुणाला चिकटलं.
फॉलला चुण्या का पडतात
हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

कालची गोष्ट.
कॅमेरा चालू, मी एकदम शहाण्यासारखी बोलतेय,
काठ असा धरायचा, फॉल आधी पाण्यातून काढायचा,
मशीन सुरेल चाललंय, हात सरकतोय, सहा मिनिटं.
साडी उलटून दाखवायला घेतली
तर मागं काहीच नाही.
भोकं. ओळीनं, एकसारखी, सुंदर भोकं.
तोंडातून निघून गेलं,
"आगं बया, खालचा दोराच संपलाय की!"
आणि मी हसले, ओढणी तोंडावर घेऊन,
कॅमेऱ्याकडं बघायचं विसरून.

मी म्हटलं, हे पुसून टाक.
सन्मती फोन घेऊन जिन्यावर पळाला,
म्हणाला, मावशी, बाकीचं सगळं पुसतो,
एवढंच ठेवतो.

आज सकाळपासून फोन बघितलेला नाही.
बॉबिन भरतेय.
गिऱ्हाइकाची साडी आहे,
भोकांवरून परत टाके घालायचेत,
त्याच भोकांतून, एकेक करून,
आणि याला तीन सेकंदांपेक्षा
बराच जास्त वेळ लागतो.